पानकोटच्या पंगतीतली माणसं

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' (१९८४) या चित्रपटातली पानकोटच्या राजवाड्यातली मेजवानी आपल्याकडे अजून शिव्या खाते, आणि तिनं त्या खाव्यातच. सापाच्या पोटातून वळवळत बाहेर पडणारी पिल्लं, डोळे तरंगणारं सूप, गार केलेला माकडाचा मेंदू. भारत सरकारला पटकथेत बदल हवे होते, म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत कँडीच्या परिसरात आणि लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झालं. पुढे चित्रपटावरही इथं काही काळ बंदी आली. या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्या पानांवर बसलेली माणसं कुठून आली होती, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. २ कोटी ८० लाख डॉलरच्या या चित्रपटाची खरी श्रीमंती तिथं आहे, असं मला वाटतं.

पाहुण्यांशी गोड गोड बोलणारा दिवाण चत्तरलाल म्हणजे रोशन सेठ. दोनच वर्षांपूर्वी अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'त ते नेहरू होते! पाटण्यात जन्मलेले सेठ लंडनच्या 'लॅम्डा'त नाट्यशिक्षण घेऊन तिथल्या रंगभूमीवर उभे राहिले. पण गोऱ्यांच्या देशात हिंदी नटाला मिळून मिळून काय मिळणार? वैतागून ते दिल्लीला परतले आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या नियतकालिकाच्या संपादनात रमले. अ‍ॅटनबरोंनी त्यांना पुन्हा अभिनयात ओढलं. चत्तरलालच्या तोंडची ती घोटीव, बोचरी इंग्रजी पटकथेतून आलेली नाही, सेठ ती बरोबर घेऊन आले होते. एवढ्या मोठ्या नटाला चित्रपटानं दिलं काय, तर काही गुळगुळीत वाक्यं आणि शेवटी पुजाऱ्याचं सोंग.

त्याच पंगतीतला इंग्रज कॅप्टन ब्लम्बर्ट म्हणजे फिलिप स्टोन. कुब्रिकच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज', 'बॅरी लिंडन' आणि 'द शायनिंग' या तिन्ही चित्रपटांत हा माणूस आहे. 'द शायनिंग'मधला तो अदबशीर, अंगावर काटा आणणारा ग्रेडी आठवा, म्हणजे इथं त्याला किती कमी काम पडलं ते कळेल.

पंगतीबाहेरही हेच. गावचा म्हातारा मांत्रिक झालेले डी. आर. नानायक्कारा हे सिंहली चित्रपटांतले मुरलेले नट. लेस्टर जेम्स पेरीस यांच्या 'रेखावा'त (१९५६) ते होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कॅमेऱ्यामागून स्पीलबर्ग वाक्य सांगत आणि ते मागोमाग म्हणत. मांत्रिकाच्या बोलण्यातले ते गूढ थांबे पडद्यावर भारी वाटतात, ते असे जमून आले! सुरुवातीला शांघायच्या क्लबात दगाबाजी करणारा लाओ चे म्हणजे हाँगकाँगचे रॉय चियाओ. किंग हू यांच्या 'अ टच ऑफ झेन'मध्ये आणि 'एंटर द ड्रॅगन'मध्येही ते धीरगंभीर बौद्ध भिक्षू होते. हॉलिवूडला त्यांच्यात गुंड दिसला.

जोन्सचा छोटा साथीदार शॉर्ट राउंड झालेल्या के हुई क्वानला मात्र मागचं काहीच नव्हतं. सायगावहून निर्वासित होऊन, हाँगकाँगच्या छावणीतून अमेरिकेला पोचलेला हा मुलगा भावाबरोबर चाचणीला गेला आणि निवड त्याचीच झाली. मोठेपणी कामं मिळेनात तेव्हा तो चित्रपटशिक्षण घेऊन मारामारीची दृश्यं बसवण्याकडे वळला. ऑस्कर २०२३ साली आलं.

आणि तळघरातला खलनायक मोलाराम. अमरीश पुरी ही त्या वेळी हॉलिवूडसाठी नवलाई असेल. मुंबईच्या नाटकवाल्यांसाठी ते घरचे होते. मदन पुरींचे धाकटे भाऊ. १९५४ साली पडदा-चाचणीत नापास झाले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळात चिकटले, ते वीसेक वर्षं. दिवसा फायली, संध्याकाळी तालीम. इब्राहिम अल्काझींनी त्यांना रंगमंचावर आणलं, सत्यदेव दुबेंनी घडवलं. मोहन राकेशांच्या 'आधे अधूरे'त एकाच नटानं पाच पुरुष उभे करायचे असतात; दुबेंच्या प्रयोगात ते पुरींनी केले. दुबेंनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा मराठी चित्रपट केला (१९७१), त्यातही ते आहेत. पुढे बेनेगलांचे 'निशांत', 'मंथन', 'भूमिका'. 'भूमिका' हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलेला, आणि त्यातला घरच्या बाईला उंबरठा ओलांडू न देणारा विनायक काळे पुरींचा. आवाज चढवावा लागत नाही, इतकी दहशत.

मोलारामच्या आधीच्याच वर्षी 'अर्धसत्य' आला. त्यात नायक वेलणकरच्या बापाच्या भूमिकेत पुरी आहेत, हवालदारीत मुरलेला, बायकोवर हात उगारणारा. बळीच्या छातीतून काळीज उपटणारा मोलाराम भीती घालतो खरी, पण त्या घरगुती राक्षसापुढे तो खोटा वाटतो. तरीही तो चालतो, कारण होमाच्या धगीसमोर हिंदीत गरजणारा तो आवाज वर्षानुवर्षं नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकलेला आहे. मुखवटे, शिंगं, आगीचे लोळ हे नुसतं वर चढवलेलं शोभेचं सामान.

या भूमिकेसाठी उतरवलेले केस पुरींनी पुढेही वाढू दिले नाहीत. हिंदी चित्रपटानं त्या तुळतुळीत डोक्याचं सोनं केलं. १९८७ साली मोगँबोची भूमिका आली, आणि मग वर्षाकाठी खलनायकांची रांग लागली. बेनेगलांनी मात्र 'सूरज का सातवां घोडा'साठी (१९९२) त्यांना पुन्हा बोलावलं.