नॅचेझ : वाडे आणि बाजार

मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर १७१६ मध्ये फ्रेंचांनी किल्ला बांधला, तिथे नॅचेझ वसले. शहराची ख्याती यादवी युद्धापूर्वीच्या वाड्यांची. १८६२ मध्ये ते न लढता शरण गेले, म्हणून वाडे वाचले. पण वारसा एवढाच मानणे अर्धवट आहे. गावाच्या कडेला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा गुलामांचा बाजार १८६३ पर्यंत भरत होता. वाडे उभे राहिले कापसाच्या पैशावर, आणि कापसाला लागणारे हात इथे विकत मिळत.

वास्तुकला वेगळी पाहावी, असा आक्षेप येतो. लाँगवूडपुढे तो टिकत नाही. या अष्टकोनी, घुमटधारी वाड्याच्या विटा गुलामांनीच पाडल्या. १८६१ मध्ये युद्ध पेटले, उत्तरेकडचे कारागीर काम टाकून परतले आणि ३२ पैकी जेमतेम ९ खोल्या पुऱ्या झाल्या, त्याही तळमजल्याच्या. वर आजही उघड्या विटा नि लाकडी सांगाडा! वाड्यांच्या सहली १९३२ पासून निघतात. बाजाराची जागा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आली ती २०२१ मध्ये.