ठिणग्या सरळ खाली पडाव्यात

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये सकाळच्या पाळीचं पहिलं काम सेलोटेपने होतं. शटर वर जातं, चिलर सुरू होतो, कॉम्प्रेसर धडधडू लागतो आणि ऑपरेटर खिशातून टेपचं रीळ काढतो. मुलांच्या वह्यांना लावतात तीच साधी टेप. तिचा तुकडा तो लेसर हेडच्या टोकाला, तांब्याच्या नोझलवर खालून चिकटवतो. बटण दाबून क्षणभर कमी ताकदीचा प्रकाश सोडतो आणि टेप सोडवून उजेडाकडे धरतो. नोझलच्या तोंडाचा गोल ठसा टेपवर उमटलेला असतो, त्यात एक बारीक जळका ठिपका. हा ठिपका गोलाच्या बरोबर मध्ये हवा. केसभर जरी सरकला असला तरी गॅसचा झोत एका अंगाला जास्त जातो आणि जॉबच्या एकाच कडेला बर, म्हणजे थिजलेल्या धातूची खरखरीत धार, येते. मग दोन स्क्रू किंचित फिरवायचे, नवी टेप, नवा ठिपका. तिसऱ्या खेपेला तो मान हलवतो. हेल्पर पहिला पत्रा टेबलावर सरकवतो.

लेसर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रकाशाची सुरी येते. पत्रा मात्र प्रकाश एकटा कापत नाही. प्रकाश धातू वितळवतो. वितळलेला रस त्या चिरेतून खाली ढकलण्याचं काम गॅस करतो. गॅस बंद ठेवून लेसर चालवला तर रस जागच्या जागी थिजतो आणि पत्र्यावर नुसता चट्टा उरतो. त्यामुळे या धंद्यातले लोक एकमेकांना मशीन किती किलोवॅटचं हे विचारतात, तसंच लगोलग ‘गॅस कुठला लावलास?’ हेही विचारतात.

स्टेनलेस स्टीलला नायट्रोजन लागतो, १० बारच्या वरच्या दाबाने. तो जळत नाही आणि धातूलाही जळू देत नाही, त्यामुळे कड चांदीसारखी लखलखीत निघते. साध्या पोलादाच्या जाड प्लेटला ऑक्सिजन लावतात, आणि त्याचा दाब १ बारच्याही खाली, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कमी असतो. कारण इथे लोखंड ऑक्सिजनमध्ये अक्षरशः जळतं आणि त्या जळण्याचीच उष्णता पुढचं कापायला कामी येते. दाब वाढवला तर आग आवरत नाही, कडेला खड्डे पडतात. लेसर इथे वाट दाखवतो आणि लोखंड आपल्याच आगीत कापलं जातं, असं म्हटलं तर ते शास्त्राला धरूनच आहे.

ही युक्ती १९६७ साली इंग्लंडमधल्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांना सुचली. लेसरच्या झोताबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून त्यांनी १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. त्यांच्या हाताशी होता कार्बन डायऑक्साइडचा लेसर, आणि तो लेसर घडवणाऱ्या माणसाचा जन्म भोसरीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर झालेला होता. कुमार पटेल हे १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवीधर झाले, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले आणि १९६४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी हा लेसर सिद्ध केला. पुढची कित्येक दशकं जगभरातलं लेसरने पत्रा कापण्याचं काम मुख्यतः त्या लेसरवर चाललं. पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयच्या आणि पॉलिटेक्निकच्या कार्यशाळेत या माणसाचं छायाचित्र असायला हवं.

पटेलांचा लेसर आरशांवरून वळवत हेडपर्यंत आणावा लागे. त्याची १०.६ मायक्रॉन तरंगलांबी साध्या काचतंतूतून जात नाही. आरसे धुळीने आणि उष्णतेने बिघडत, ते जुळवण्यात दिवस जात. आताच्या फायबर लेसरची तरंगलांबी साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, एक मायक्रॉनच्या थोडी वर. तो केसासारख्या काचतंतूतच जन्मतो आणि काचतंतूतूनच हेडपर्यंत येतो. धातूही तो अधिक शोषतात. तांबं-पितळ पूर्वी लेसरचा बराचसा प्रकाश परतवून लावत. आता तेही सर्रास कापलं जातं.

पण याच छोट्या तरंगलांबीत धोका आहे. जुना लेसर डोळ्याच्या बाहेरच्या पडद्यावरच अडत असे. हाही डोळ्यांना दिसत नाही, पण हा बुबुळातून आत शिरतो आणि थेट नेत्रपटलावर एकवटतो. म्हणून मशीनला बंद केबिन असते आणि खिडकीला खास काच. दार उघडं असताना लेसर सुरू होऊ नये म्हणून बसवलेला स्विच ‘वेळ वाचतो’ म्हणून बायपास करणारे लोक आहेत. तो गुन्हा आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

आता टेबलावर १० मिलिमीटरची एचआर (हॉट रोल्ड) प्लेट आहे, ब्रॅकेटसाठी. तीन किलोवॅटचं मशीन अशा प्लेटमध्ये मिनिटाला जेमतेम मीटरभर पुढे सरकतं. हेड खाली येतं, नोझल पत्र्यापासून मिलिमीटरभर अंतरावर थांबतं. प्लेट थोडी वाकलेली असली तरी हे अंतर सेन्सर राखतो. मग पिअर्सिंग, म्हणजे पहिलं आरपार भोक. ते नेहमी टाकाऊ भागात करतात आणि तिथून छोटी वाट काढत मूळ रेषेवर येतात, कारण पिअर्सिंगची जागा ओबडधोबड असते. आधी आतली भोकं कापायची आणि बाहेरची रेघ शेवटी; तुकडा सुटला की तो हलतो आणि हललेल्या तुकड्यात मापाचं भोक होत नाही.

ऑपरेटर स्क्रीनकडे फारसा पाहत नाही. तो केबिनच्या काचेतून पत्र्याखालच्या ठिणग्या बघतो. ठिणग्या सरळ खाली, पंख्यासारख्या पसरत पडल्या की वेग बरोबर. त्या मागे रेलायला लागल्या की हेड घाईत आहे, तळ नीट सुटत नाही. पसरायचं सोडून एका झुपक्यात पडू लागल्या तर हेड रेंगाळतंय, कड जळणार. आणि ठिणग्या पत्र्याच्या वर उडाल्या तर हात थेट स्टॉपवर, कारण प्रकाश आरपार गेलेलाच नाही आणि वितळलेला धातू हेडकडेच उडतोय.

“दादा, आवाज बदलला,” हेल्पर म्हणतो. सहा महिन्यांपूर्वी हा मुलगा पत्रे उचलायलाच आला होता. ऑपरेटर मशीन थांबवतो, हेडमधली प्रोटेक्शन काच काढतो. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा डाग आहे. त्या डागावर प्रकाश शोषला जातो, काच तापते, फोकस सरकतो आणि कट बिघडतो. पंखा बंद करून, श्वास रोखून तो नवी काच बसवतो. मग मुलाकडे वळून म्हणतो, “शाबास! कान असाच ठेव.”

कौशल्य हातातून गेलं, ते डोळ्यांत आणि कानांत आलं. पूर्वी हीच ब्रॅकेट पॉवर प्रेसवर डाय, म्हणजे साचा, लावून निघायची. डाय बनवायला आठवडे लागत आणि पंचाखाली हात जायचा. बोटं गमावलेले कामगार या पट्ट्यात आजही भेटतात. एका आकाराचे लाखभर नग हवे असतील तर प्रेसच परवडते. पन्नास नगांसाठी कोणी डाय करत नाही.

शेडच्या माळ्यावर प्रोग्रामर बसते. कापण्याआधीचं सगळं गणित तिच्याकडे. १२५० बाय २५०० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पत्रा ४९ किलोचा भरतो. त्यात नग असे बसवायचे की उरलेली जाळी कमीत कमी निघावी. चौथा हिस्सा वाया गेला तर एका पत्र्यामागे बारा किलोंवर लोखंड भंगाराच्या भावाने जातं. ती एक नग उलटा करते, दुसऱ्याच्या खाचेत तिसरा सरकवते. छोटे तुकडे कापल्यावर उलथून हेडला धडकू नयेत म्हणून त्यांना जाळीशी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक टाके ठेवते. नंतर हेल्पर ते हाताने तोडतो.

हे सगळं सिलिंडरवर किती टेकलेलं आहे, हे कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये दिसलं. रुग्णालयांत ऑक्सिजन पुरेना, तेव्हा केंद्र सरकारने मोजके उद्योग वगळता उद्योगांना ऑक्सिजन द्यायला बंदी घातली. ते योग्यच होतं. ज्या गॅसवर प्लेट कापतो त्याच गॅसवर माणूस जगतो, ही गोष्ट तेव्हा पत्राकामातल्या प्रत्येकाला उमगली.

ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर काळसर ऑक्साइडचा थर राहतो. तो घासून न काढता वर पावडर कोटिंग केलं, तर काही महिन्यांत कडेवरून रंगाची साल निघते आणि ग्राहक रंगवाल्याला बोलतो. ड्रॉइंगवर ‘कडा साफ करणे’ एवढे तीन शब्द लिहिलेले असले तर हे टळतं. १० मिलिमीटर प्लेटमध्ये ६ मिलिमीटरचं भोक मागणारी ड्रॉइंगंही रोज येतात. जाडीपेक्षा लहान भोकात उष्णता कोंडते, खालच्या बाजूने भोक बिघडतं. अशा वेळी लेसरने फक्त खूण करून ड्रिल मारावं लागतं.

संगणकावर ड्रॉइंग करणाऱ्या तरुण इंजिनिअरांनी एकदा तरी तासभर या टेबलाशेजारी उभं राहावं, ठिणग्या पाहाव्यात, कापलेल्या कडेवरून हातमोजा घालून बोट फिरवावं आणि ऑपरेटरला विचारावं, की माझ्या ड्रॉइंगमध्ये तुम्हाला काय नडतं? तो सांगेल. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते, बाकीच्या दिवशी मशीन चालू असतं.