चुंबक चिकटला? मग तीच सुरी घ्या

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानात उभं राहिलात, तर हा प्रकार कधी ना कधी बघायला मिळतोच. गिऱ्हाईक ट्रेकसाठी नाहीतर कामासाठी दणकट सुरी मागतं. दुकानदार दोन-तीन काढून ठेवतो. गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढतं आणि पात्याला लावतं. तो टक्कन चिकटला की नाक मुरडतं, ‘हे तर लोखंड निघालं. अस्सल स्टीलची दाखवा.’ दुकानदार वाद घालत नाही. ज्या पात्यावरून चुंबक घसरून खाली पडतो, ती चकचकीत सुरी तो पुढे करतो आणि पैसे घेतो. चार सुतळ्या कापून झाल्या की तिची धार बसते, आणि मग ‘हल्ली माल चांगला येत नाही’ ही कुरकुर सुरू होते.

माल चांगला होता. तुम्ही तो नाकारलात.

ही चुंबकाची परीक्षा आली भांड्यांच्या बाजारातून. भुलेश्वरात डबे-पातेली घेताना चुंबक लावून बघण्याची सवय घरोघरी आहे. चांगल्या भांड्यांचं स्टील बहुधा 304 या प्रतीचं असतं. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि गंज रोखला जातो. निकेलमुळे धातूच्या आतली स्फटिकरचना अशी राहते, की तिच्यावर चुंबकाचा परिणाम जवळपास होत नाही. डब्यासाठी हे स्टील झकास. साच्यात खोल दाबलं तरी तडकत नाही, मिठा-चिंचेला दाद देत नाही.

पण याच रचनेमुळे ते सुरीच्या कामाचं नाही. 304 तापवून विझवलं तरी कडक होत नाही. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो, ते या स्टीलला देताच येत नाही. कितीही घासा, धार येईल आणि लाकडाची पहिली गाठ लागली की दुमडेल. सुरीचं स्टील वेगळं असतं. त्यात कार्बन जास्त, निकेल नाही किंवा नावापुरतं. ते लालभडक तापवून झटकन थंड केलं की आतली रचना बदलते, पातं कडक होतं आणि ही कडक रचना चुंबकाला चिकटते. कार्बन स्टील असो की सुरीचं स्टेनलेस, दोन्ही चिकटतात. धातूच्या पात्याला चुंबक अजिबात चिकटला नाही, तर शंका त्या पात्याची घ्यायला हवी.

विश्वास बसत नसेल तर इतिहास बघा. शेफील्डमध्ये हॅरी ब्रियर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा शोध घेत होता. 1913 साली त्याने सुमारे 13 टक्के क्रोमियम आणि थोडा कार्बन असलेलं स्टील ओतलं. त्याचा सुरुवातीचा मोठा उपयोग झाला तो जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांसाठी, आणि त्या चुंबकाला चिकटत. 18-8 चं भांड्यांचं स्टील त्यानंतर बाजारात रुळलं. म्हणजे ‘अस्सल’ कोण, हा वाद घालायचाच असेल तर निकाल चुंबकाच्या बाजूने लागतो.

खरं तर भांड्यांच्या बाजारातही ही परीक्षा लंगडीच आहे. निकेल वाचवून मँगनीज वापरलेलं 200 मालिकेतलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. उलट इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याचा तळ मुद्दाम चिकटणाराच ठेवावा लागतो. आणि घरातल्या चांगल्या डब्याच्या खोल दाबलेल्या कोपऱ्यावर चुंबक फिरवून बघा, तिथे तो किंचित ओढ घेईल. दाबताना रचना थोडी बदलते, एवढंच. डबा खोटा नाही.

चुंबक चिकटला म्हणजे सुरी उत्तमच, असंही कोणी समजू नये. क्रोमचा मुलामा दिलेली मऊ लोखंडी पट्टीही चिकटते. ती ओळखायला कानस लागते. दुकानदाराला विचारून पात्याच्या मुठीजवळच्या कडेवर बारीक कानस एकदा हलक्या हाताने ओढा. कानस किर्र करत घसरली आणि जेमतेम चरा उमटला, तर पाणी नीट दिलेलं आहे. ती लगेच रुतली आणि कीस पडायला लागला, तर पातं मऊ आहे. ठेवा परत. दुकानदार कानस लावू देत नसेल तर दुकानं पुष्कळ आहेत.

याच गैरसमजाचं सख्खं भावंड म्हणजे ‘गंजते ती हलकी’. मासळी बाजारात मावशींच्या हातातला कोयता जवळून बघा. पाठ काळीतपकिरी, धार मात्र चांदीसारखी. दिवसभर खारं पाणी आणि काटे, तरी काम थांबत नाही. गावाकडचे लोहार ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून कोयते आणि सुऱ्या घडवतात. त्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, ते पाणी चांगलं घेतं आणि साध्या दगडावर धार पटकन लागते. मुंबईच्या खाऱ्या हवेत ते गंजणार, हे खरं. काम झालं की पुसा, तेलाचं बोट फिरवा, आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं. एवढं होणार नसेल तर सुरीचं स्टेनलेस घ्या. स्वीडनच्या मोरा गावच्या स्वस्त सुऱ्यांत वापरलं जाणारं 12सी27 हे त्यातलं नावाजलेलं. उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे त्यात 0.6 टक्के कार्बन आणि 13.5 टक्के क्रोमियम असतं. तेही चिकटतं, आणि समुद्राच्या पाण्यात ओलं ठेवलंत तर डागही धरतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जाड पातं म्हणजे मजबूत सुरी? मोराचं नेहमीचं पातं जेमतेम अडीच मिलिमीटर जाड आणि चार इंच लांब असतं, आणि त्यावर सुतार-कारागिरांची कामं वर्षानुवर्षं निघतात. जाड पातं कांदा कापत नाही, फोडतं. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलंच हवं, हेही तितकंसं खरं नाही. मोराचं जात नाही. पण ‘फर्स्ट ब्लड’ (1982) मधल्या रँबोसारखी पोकळ मूठ हवी असेल, तर पातं मुठीशीच संपतं आणि मोडायचं झालं तर तिथेच मोडतं, हे लक्षात ठेवा. पाठीवरचे करवतीचे दात फोटोत छान दिसतात. बोथट सुरी सुरक्षित वाटते, पण जास्त जोर लावावा लागतो, ती निसटते आणि बोटावर येते. ठिणग्यांचा पाऊस पडला म्हणजे धार झकास लागली, असं तर मुळीच नाही. कोरड्या चाकावर धारेची कड निळी पडली, तर ती 300 अंशांच्या आसपास तापली आणि साध्या कार्बन पोलादाचं पाणी तेवढ्या भागात उतरलं. धारवाल्याला टेकवून-उचलून, मधेमधे पाण्यात बुडवून काम करायला सांगा.

राहिला कायदा. ‘नऊ इंचांच्या आतली सुरी कुठेही चालते’ आणि ‘सुरी जवळ ठेवणं गुन्हाच’, ही दोन्ही वाक्यं एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण त्यावर विसंबून सुरी कमरेला लटकवून दादर स्टेशनात शिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमात चाकू आणि काठ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, इंचांची सूट नाही, आणि मुंबईत असे आदेश वरचेवर निघतात. सुरी म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा, दोरी आणि स्टोव्हच्या सोबत. विमानाने लेहला वगैरे निघाला असाल तर ती चेक-इनच्या बॅगेतच टाका. हातातल्या बॅगेत राहिली तर सुरक्षा तपासणीतच सोडून जावी लागेल.