वरच्या मजल्यावरचा उन्हाळा

शोळिंगनल्लूर हे चेन्नईच्या दक्षिणेकडील उपनगर जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर वसलेले आहे. २०११ मध्ये त्याचा समावेश चेन्नई महानगरपालिकेत झाला. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीबरोबर येथे सदनिकांच्या इमारती दाटीने उभ्या राहिल्या. त्यांतील जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा उष्णतारोधनाचा विचार क्वचितच होत असे. पूर्वेस काही किलोमीटरांवर समुद्र असूनही उन्हाळ्यात सर्वांत वरच्या मजल्यावरील रहिवाशांची रात्र फार कष्टाची जाते. बाहेर वारा सुटलेला असतो. घरात मात्र पंखा गरम हवाच खाली ढकलत राहतो.

याचे कारण डोक्यावरच्या काँक्रीटमध्ये आहे. चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यास तेथे मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेकडील भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. त्याचा सारा मारा गच्चीवर आणि पूर्व-पश्चिम भिंतींवर होतो. काँक्रीट ही उष्णता हळूहळू शोषून घेते व काही तासांनी खाली सोडते. दुपारचे ऊन घरात पोहोचते ते संध्याकाळनंतर, म्हणजे माणसे विश्रांतीला घरी परततात तेव्हा. तापलेले छत केवळ हवा गरम करत नाही, तर चुलीच्या निखाऱ्याप्रमाणे प्रारणाने थेट शरीराला तापवते. त्यात समुद्रकाठची दमट हवा घाम वाळू देत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर जे काम करतो, ते येथे होऊ शकत नाही.

अशा वेळी बहुतेक कुटुंबे वातानुकूलन यंत्र आणतात. ज्यांना ते परवडते त्यांचे वीजबिल वाढते आणि ज्यांना परवडत नाही ते गच्चीवर किंवा जिन्यात झोपतात. यंत्र उष्णता बाहेर टाकते. पण ती आत येण्याची वाट तशीच उघडी राहते. ही वाट कोणती, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवावे लागते.

इमारतींतील उष्णतेचे मोजमाप प्रथम थंड देशांत रूढ झाले. तेथे घरातील ऊब भिंतींतून बाहेर निसटते, म्हणून उष्णतेची हानी मोजली जाते. चेन्नईत प्रश्न उलटा आहे. उष्णता आत शिरते. नियम मात्र तोच आहे. पृष्ठभागाच्या दोन बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, या संख्येला उष्णता पारगमन गुणांक म्हणतात. हा गुणांक जितका कमी, तितके छत चांगले. साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या नुसत्या काँक्रीट स्लॅबसाठी तो हिशेबाने सुमारे ३.५ येतो. समजा, खोली दहा चौरस मीटरची आहे आणि उन्हाचा परिणाम धरून आतबाहेरील फरक वीस अंशांचा आहे. तर छतातून ३.५ × १० × २० म्हणजे ७०० वॅट उष्णता खाली येईल. खोलीत कोणी विजेची इस्त्री चालू ठेवून जावे, तसा हा प्रकार. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी तिने ही मर्यादा १.२ ठेवली आहे. त्या छतातून वरच्याच परिस्थितीत २४० वॅट येतील. जुन्या इमारतींना ही संहिता बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगी पडते.

प्रत्यक्ष मोजणी करताना छताच्या आतील बाजूस उष्णताप्रवाह मोजणारी चकती चिकटवतात आणि आतबाहेर तापमापक ठेवतात. ही नोंद किमान सलग तीन दिवस घ्यावी लागते. चेन्नईत एक अडचण येते. तेथे आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानांत फरक थोडा असतो व रात्री उष्णतेची दिशाही बदलते, त्यामुळे आकडे डळमळीत येतात. म्हणून शक्य असल्यास एखादी खोली २४ अंशांवर स्थिर ठेवून मोजणी करतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने भिंतीचा गरम भाग चटकन दिसतो. मात्र चकचकीत धातूचा पृष्ठभाग त्याला फसवतो, हे विसरू नये.

एवढी साधने नसली तरी साध्या तापमापकांनी बरेच कळते. वरच्या मजल्यावरील एक खोली आणि तिच्याच खाली मधल्या मजल्यावरील त्याच दिशेची दुसरी खोली निवडावी. दोन्हींत ऊन थेट पडणार नाही अशा जागी तापमापक ठेवून आठवडाभर दर तासाला नोंद करावी. रात्री दहा वाजता वरची खोली स्पष्टपणे अधिक गरम असेल, तर दोष मुख्यतः छताचा. दोन्ही खोल्या सारख्याच तापत असतील, तर पश्चिमेची भिंत किंवा खिडकी तपासावी.

या नोंदींचे महत्त्व सोसायटीच्या सभेत कळते. गच्ची सर्वांची, पण तिची उष्णता मात्र वरच्या मजल्याची. खालचे रहिवासी खर्चात वाटा देण्यास नाखूश असतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नसते. पश्चिमेच्या उन्हाने त्रासलेल्या मधल्या मजल्याला गच्चीच्या रंगाचा काय उपयोग? आकडे समोर असले, तर कोणाला काय हवे हे तरी स्पष्ट होते. कोठे गच्चीवर पांढरा परावर्तक थर किंवा पांढऱ्या फरश्या पुरतात, कोठे त्याखाली उष्णतारोधक फोमचा दोनेक सेंटिमीटरचा थर लागतो, तर कोठे खिडकीबाहेर छज्जा किंवा चिकाचा पडदा बसवणे अधिक स्वस्त पडते. आतला पडदा कमी उपयोगी, कारण ऊन काचेतून आत आलेले असते.

पांढरा थर धुळीने मळला की त्याचा गुण घटतो, म्हणून तो धुवावा लागतो. गळके छत आधी दुरुस्त करावे. काही रोधक द्रव्ये भिजली की निकामी होतात. महाराष्ट्रात अशी कामे मृगापूर्वी उरकतात. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. म्हणून तेथे एप्रिल ते जून या महिन्यांत मोजणी आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी गच्चीचे काम, असा क्रम सोयीचा ठरतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खोल्यांत, त्याच जागी पुन्हा तापमापक ठेवले, म्हणजे झालेल्या खर्चाने रात्रीचे तापमान किती अंशांनी उतरले हे कळते.