राजकुमारांची शाळा, सावकारांचे शहर

इंदूरच्या राजवाड्याचा दरवाजा भर बाजारात उघडतो. सात मजल्यांचा वाडा, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी, आणि मागच्या अंगाला लगेच सराफा. होळकरांना व्यापाराचे वावडे नव्हतेच. दुसऱ्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे! राज्यात कापडाची गिरणी काढली तीही त्यांनीच.

हे कर्ज ठरत होते त्याच सुमारास, १८७० मध्ये, शहरापासून अंतर राखून असलेल्या रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या वसाहतीत, संस्थानिकांच्या मुलांसाठी शाळा निघाली. मध्य भारतातले इंग्रज सरकारचे एजंट सर हेन्री डेली यांच्या पुढाकाराची ही शाळा पुढे ‘डेली कॉलेज’ झाली. राजकोट, अजमेर, लाहोर इथल्या राजकुमार-विद्यालयांची ही माळव्यातली बहीण. घोडा, क्रिकेट, इंग्रजी रीतभात असे सगळे तिथे होते. पण ज्या बाजाराच्या जिवावर इंदूर उभे होते, त्यातल्या सावकाराच्या पोराला तिथे प्रवेश नव्हता.

आज दिसते ती मुख्य इमारत नंतरची. हेन्री यांचे चिरंजीव ह्यू डेली मध्य भारताचे एजंट झाल्यावर कॉलेजला नवा जोर आला. होळकरांनी जमीन दिली, आजचा परिसर ११८ एकरांचा आहे. आराखडा सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांचा, म्हणजे जयपूरचा अल्बर्ट हॉल ज्यांनी उभा केला त्यांचा. १९१२ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या मिरवणुकीत हार्डिंग यांच्यावर बॉम्ब पडला. राजनिष्ठेची मंदिरे बांधून काळ थांबत नाही, एवढे त्या वर्षाने दाखवून दिले.

इमारत मात्र देखणी, यात वाद नाही. पांढरा संगमरवर, कमानींची ओळ, वर छत्र्या. जेकब यांनी जयपुरात कारागिरांकडून जुन्या वास्तूंतल्या छज्जे, जाळ्या, कोरीव पट्ट्यांची मापे घेऊन रेखाचित्रांचे जाडजूड खंड १८९० पासून छापले होते. असा छज्जा म्हणजे नुसती नक्षी नव्हे. पुढे काढलेला छज्जा माळव्यातले दुपारचे ऊन भिंतीवर पडू देत नाही आणि आषाढातले पाणीही लांब फेकतो. हल्ली शाळेची दर्शनी इमारत म्हटली की पूर्ण काचेची भिंत आणि आत एसी, हा सरसकट हिशेब होतो. तो मला पटत नाही.

१९४० च्या सुमारास राजघराण्यांबाहेरच्या मुलांसाठी दार उघडले. आणि आता त्याच आवारात ‘डेली कॉलेज बिझनेस स्कूल’ चालते! कमानीबाहेर ठेवलेला व्यापार शंभरेक वर्षांनी पदवी घेऊन आत आला, याची गंमत इंदूरकरांना तरी कळावी. अशा बिझनेस स्कूलसाठी नवी वास्तू उभारणाऱ्यांना दोन विनंत्या: जुनी दर्शनी बाजू झाकू नका, आणि अभ्यासक्रमात परदेशी कंपन्यांचे दाखले असतील तिथे तुकोजीरावांच्या त्या एक कोटीच्या कर्जावर एक धडा लावा.