केकमधले काळे दाणे

पावसाळ्यात नारपोलीतील माझ्या दवाखान्यात एक भगिनी शेंगदाणे, दालचिनी, जायफळ घातलेला केक घेऊन आल्या. मैत्रिणींसाठी केला होता. "डॉक्टर, दाणे थोडे काळे पडले होते. पण भाजल्यावर सगळं मरतं ना?" हातातला तुकडा मी खाली ठेवला व उरलेला कोणाला वाटू नका, असे सांगितले.

वाचकहो, आचेने बुरशी मरते. पण तिने दाण्यात सोडलेले अफ्लाटॉक्सिन हे विष बरेचसे टिकते व यकृतावर घाला घालते. मसाला फक्त कडवटपणा झाकतो. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या पंचमहाल, बांसवाडा भागात बुरशी लागलेल्या मक्याने शंभरावर माणसे दगावली.

म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे फेकून द्या. चांगले दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मग खुशाल केक करा. मात्र वाटण्यापूर्वी कोणाला दाण्यांची ॲलर्जी नाही ना, हे जरूर विचारा.