माहितीसाठ्यातील प्रवेशनियंत्रण

माहितीसाठ्यातील प्रवेशनियंत्रण : व्यापारी संस्थेच्या संगणकीय माहितीसाठ्यातील कोणती माहिती कोणत्या कर्मचाऱ्याने पाहावी, कोणती भरावी वा बदलावी हे ठरविणारी आणि त्याप्रमाणे अंमल करणारी व्यवस्था. वेतन, ग्राहकांची खाती, रुग्णांचे आजार इ. माहिती संवेदनशील मानली जाते. बाहेरच्या चोरासाठी संकेतशब्दाचे कुलूप असते. येथे प्रश्न असतो तो किल्ली रीतसर हाती असलेल्या माणसाचा.

आयबीएम कंपनीच्या प्रायोगिक ‘सिस्टिम आर’ या प्रणालीसाठी पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनी 1976 मध्ये अधिकार देण्याची व काढून घेण्याची पद्धत मांडली. तीनुसार तक्त्याचा मालक दुसऱ्यास वाचण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार देतो. तो काढून घेतल्यास त्या व्यक्तीने पुढे इतरांस दिलेले अधिकारही गळून पडतात. संपूर्ण तक्ता न दाखविता त्यातील ठराविक स्तंभ व ओळीच दाखविण्याची सोयही असते. उदा., हजेरी ठेवणाऱ्या लिपिकास कर्मचाऱ्यांची नावे दिसतात, वेतन दिसत नाही. मोठ्या संस्थांत अधिकार व्यक्तीऐवजी पदाला जोडणे सोयीचे ठरते. अर्थात बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे जुने अधिकार काढण्याचे राहून जाणे, हा दोष फार सर्रास आढळतो.

वाचनावरील निर्बंधांना मर्यादा आहेत. सिटीबँकेच्या अमेरिकेतील काही खातेदारांचे गुप्त संकेतांक पुण्यातील एका सेवाकेंद्रातील कर्मचाऱ्यांनी त्यांचा विश्वास संपादून मिळविले व त्यांच्या खात्यांतील रक्कम वळविली, असे प्रकरण 2005 मध्ये उघडकीस आले. कामासाठी जे पाहावेच लागते वा ऐकावेच लागते, ते स्मरणातून पुसण्याचे साधन संगणकाजवळ नाही.

म्हणून व्यापारी व्यवहारांत कर्तव्यविभाजनाला अधिक महत्त्व आहे. डेव्हिड क्लार्क व डेव्हिड विल्सन यांनी 1987 मध्ये या तत्त्वाची संगणकासाठी पद्धतशीर मांडणी केली. तत्त्व मात्र वहीखात्याइतके जुने आहे. हट्टा (तालुका वसमत, जिल्हा हिंगोली) येथील शेतजमीन विकली गेली, तर तलाठी (आताचा ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवितो, संबंधितांना नोटीस देतो आणि मुदतीनंतर मंडळ अधिकारी ती नोंद तपासून प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर नवे नाव येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील ही दुहेरी रचना संगणकीकरणानंतरही टिकून आहे. नोंद लिहिणारा व ती पक्की करणारा एकच असता, तर जमिनीची मालकी एका माणसाच्या मर्जीवर राहिली असती.

हे विभाजन कागदावरच राहिले तर काय होते, ते पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात दिसते. मुंबईतील एका शाखेत सु. 11,400 कोटी रुपयांचे गैरव्यवहार आढळल्याचे बँकेने 14 फेब्रुवारी 2018 रोजी जाहीर केले. भारतीय बँकांच्या परदेशांतील शाखांना हमीपत्रे स्विफ्ट या संदेशप्रणालीद्वारे गेली होती. मुख्य हिशेबप्रणालीत मात्र त्यांची नोंद नव्हती, कारण दोन्ही प्रणाली परस्परांशी जोडलेल्या नव्हत्या. संदेश तयार करणे व मंजूर करणे यांसाठी वेगवेगळे संकेतशब्द असूनही ते इतरांच्या हाती गेले होते, असा तपासयंत्रणेचा आरोप आहे. स्विफ्टच्या संभाव्य दुरुपयोगाविषयी ऑगस्ट 2016 पासून बँकांना किमान तीनदा सावध केल्याचे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले, आणि दोन्ही प्रणाली जोडण्यासाठी 30 एप्रिल 2018 ही मुदत घालून दिली.